कोरिया : जिथे शब्द गोळा करणं हा गुन्हा ठरला

मागच्या महिन्यात आम्ही नववीच्या वह्या तपासत होतो. एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने आपलं नाव आधी मराठीत, मग उर्दूत आणि त्याखाली गोल-चौकोन-काड्यांच्या एका वेगळ्याच लिपीत लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सर, कोरियन आहे. मोबाईलवर बघून दोन दिवसांत शिकले." आम्ही रागावणार होतो, पण रागावलो नाही. वर्षभर शिकवूनही काही मुलांचे जोडाक्षर नीट येत नाही, आणि ही पोरगी दोन दिवसांत एक अख्खी लिपी शिकते, याचं कौतुकच वाटलं.

आज आपल्या घरोघरी मुलींना कोरियन मालिका, कोरियन गाणी यांचं वेड आहे. आई-वडील तक्रार करतात, तो विषय वेगळा. पण ज्या भाषेतली गाणी ही मुलं गुणगुणतात, ती भाषा ऐंशी वर्षांपूर्वी मरणपंथाला लागली होती, आणि तिचा शब्दकोश तयार करणाऱ्या मास्तरांना तुरुंगात मारहाण झाली होती, दोघे तर तुरुंगातच वारले, हे त्यांना माहीत नसतं. खरं सांगायचं तर आम्हालाही फार उशिरा कळलं. त्याच मास्तरांची आणि त्यांच्या काळातल्या शिकलेल्या लोकांची ही हकिगत आहे.

हंगुल ही कोरियन लिपी. राजा सेजोंग याने ती 1443मध्ये तयार करवली आणि 1446मध्ये जाहीर केली. साध्या माणसाला वाचता-लिहिता यावं, हाच हेतू. आजची मूळ अक्षरं फक्त 24. पण शेकडो वर्षं तिथले विद्वान आणि अंमलदार चिनी लिपीतच लिहीत राहिले. हंगुल म्हणजे बायका-पोरांची, अडाण्यांची लिपी असं समजलं जायचं. घरात बोलायची जबान एक आणि इभ्रतीची जबान दुसरी, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. 1894च्या सुधारणांत सरकारी कागदपत्रांत हंगुल आली आणि 1896मध्ये निव्वळ हंगुलमध्ये छापलेलं एक वर्तमानपत्र निघालं.

त्या वर्तमानपत्रात एक तरुण काम करायचा, जू सी-ग्यंग. कोरियन व्याकरण पहिल्यांदा नीट मांडलं ते यानेच. 'हंगुल' हे नावही त्यानेच रूढ केलं असं मानतात. पोटासाठी आणि ध्येयासाठी तो या शाळेतून त्या शाळेत शिकवत फिरायचा. पुस्तकं एका कापडी गाठोड्यात बांधलेली असायची, म्हणून लोक त्याला 'गाठोडेवाले जू' म्हणायचे. त्याने साथीदारांबरोबर कोरियन भाषेचा शब्दकोश करायला घेतला. पण 1914मध्ये, अवघ्या 37व्या वर्षी तो गेला. कोशाचं काम तिथेच अडलं.

तोवर देश हातातून गेला होता. 1910मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला. पहिली दहा वर्षं म्हणजे उघड लष्करी राज्य. लष्करी पोलीस खेड्यापाड्यात, कोरियन वर्तमानपत्रं जवळपास सगळी बंद, आणि शाळेतले शिक्षकसुद्धा गणवेशात, कमरेला तलवार लावून वर्गात यायचे. आम्ही हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. पहिलीच्या पोरांसमोर मास्तर तलवार लावून उभा आहे, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

1 मार्च 1919 रोजी सोलमध्ये 33 जणांच्या सहीने स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि सगळा देश रस्त्यावर आला. जपानने गोळ्या घातल्या, हजारोंना तुरुंगात टाकलं. पण नुसत्या दंडुक्याने राज्य चालत नाही हे टोकियोलाही कळलं. सैतो माकोतो नावाचा नवा गव्हर्नर आला आणि त्याने 'सांस्कृतिक राज्यकारभार' जाहीर केला. शिक्षकांच्या तलवारी गेल्या. कोरियन भाषेत वर्तमानपत्रं काढायला परवानगी मिळाली. 1920मध्ये 'चोसन इल्बो' आणि 'दोंगा इल्बो' ही दोन दैनिकं सुरू झाली. त्याचबरोबर पोलीस ठाणी वाढली, पोलीस वाढले आणि प्रत्येक अंक सेन्सॉरच्या टेबलावरून जाऊ लागला. दार किलकिलं झालं, पण कडी बाहेरूनच.

आता शिकल्यासवरल्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला. या किलकिल्या दारातून आत जे मिळतंय ते घ्यायचं, की दारच मोडायचं?

बरेचजण पहिल्या मताचे निघाले. यातले पुष्कळ टोकियोत शिकून आलेले होते. त्यांचं म्हणणं असं की आपण गुलाम झालो कारण आपण कमकुवत होतो. आधी तालीम, व्यापार, कारखाने, वर्तमानपत्रं, भाषा यांतून कौमची ताकद वाढवू, स्वातंत्र्य मागाहून येईल. आपल्याकडे आगरकर आणि टिळक यांच्यात 'आधी सामाजिक की आधी राजकीय' हा वाद झाला, किंवा सर सय्यद अहमद खान मुसलमानांना राजकारण बाजूला ठेवून आधी शिक्षण घ्या म्हणत होते, त्या वळणाचाच हा विचार. पण तुलना तेवढ्यावरच थांबवावी. इंग्रजांनी मराठी किंवा उर्दू बोलण्यावर बंदी घातली नव्हती. कोरियात गोष्ट तिथपर्यंत गेली.

सुरुवातीला उत्साह मोठा होता. प्योंगयांगमध्ये चो मान-सिक या शिक्षकाने 1920मध्ये देशी माल वापरण्याची चळवळ सुरू केली. 1923पर्यंत ती सोलसह देशभर गेली. चो मान-सिक गांधीजींचे लेखन वाचायचे, स्वतः देशी कापडाचे कपडे घालायचे, आणि लोक त्यांना 'कोरियाचे गांधी' म्हणत. हिंदुस्थानातल्या स्वदेशीकडे तिकडचे लोक बारकाईने बघत होते. 'दोंगा इल्बो'ने 1929मध्ये रवींद्रनाथ टागोरांकडून चार ओळींची कविता मागवून छापली होती, ती आजही तिकडे लोक आठवतात. पण स्वदेशी मालाचं पुढे काय झालं? मागणी वाढली, तसे देशी कापडाचे भावही चढले. समाजवादी विचाराच्या तरुणांनी सरळ विचारलं, यात फायदा कोणाचा? कापड गिरणीचा मालक कोरियन असो की जपानी, महाग कापड घेणारा मजूर तोच. हा सवाल बिनतोड होता, आणि पुढाऱ्यांकडे त्याला धड उत्तर नव्हतं.

दुसरा प्रयत्न विद्यापीठाचा. लोकवर्गणीतून कोरियन लोकांचं स्वतःचं विद्यापीठ उभारायचं, त्यासाठी 1 कोटी वॉन जमवायचे. माणशी 1 वॉन द्या, अशी हाक होती. सभा झाल्या, समित्या झाल्या. मग 1923मध्ये पूर आला, पिकं गेली, पोलिसांचे अडथळे होतेच, आणि रक्कम कुठच्या कुठे कमी पडली. इकडे जपान सरकारने 1924मध्ये सोलमध्ये स्वतःचं शाही विद्यापीठ सुरू करून टाकलं. शहर कोरियाचं, पण तिथे जपानी विद्यार्थीच जास्त.

याच काळात एका लेखाने आग लावली. ई क्वांग-सू हा तेव्हाचा सगळ्यात लोकप्रिय लेखक. दहाव्या वर्षी पटकीच्या साथीत आई-वडील गेले, अनाथ झाला, पण हुशारीवर टोकियोपर्यंत पोचला. 1917मध्ये आलेली त्याची 'मुजंग' ही पहिली आधुनिक कोरियन कादंबरी मानतात. 1919मध्ये टोकियोतल्या कोरियन विद्यार्थ्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानेच लिहिला होता. म्हणजे माणूस भित्रा नव्हता. शांघायला जाऊन हद्दपार सरकारच्या वर्तमानपत्रात काम केलं आणि 1921मध्ये परत आला. 1922मध्ये त्याने 'राष्ट्राची पुनर्रचना' या विषयावर लांबलचक लेख लिहिला. त्यातलं सार असं की कोरियाची अधोगती कोरियन लोकांच्या चारित्र्यामुळे झाली. आपण खोटं बोलतो, आळशी आहोत, एकमेकांवर विश्वास ठेवत नाही. आधी हे सुधारा, राजकारण सोडा.

तरुण भयंकर चिडले. 1924मध्ये त्याने 'दोंगा इल्बो'त आणखी पुढे जाऊन जपानी कायद्याच्या चौकटीत राहून राजकीय काम करावं असं सुचवलं, तेव्हा लोकांनी त्या दैनिकावर बहिष्कार टाकला आणि त्याला ते सोडावं लागलं.

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. समाजाचे दोष दाखवणं चूक नाही. शिक्षक म्हणून आम्हीही रोज मुलांना, पालकांना चार गोष्टी सुनावतो. आपल्या समाजातल्या बैठकांत 'आपलीच कौम सुस्त आहे' हे वाक्य तर चहाइतकं नेहमीचं. पण ई क्वांग-सू यांच्या लेखात एक गोम होती. कोरियन लोक आळशी, खोटारडे, राज्य करायला नालायक, हेच तर जपानी राज्यकर्ते सांगत होते. जो आपल्याला दाबतो त्याचीच आपल्याबद्दलची कैफियत आपण आपल्या तोंडाने वाचून दाखवायची, आणि तिला सुधारणा म्हणायचं. शिन छे-हो या इतिहासकाराने हे बरोबर पकडलं. तो चीनमध्ये परागंदा होता. 1923मध्ये त्याने क्रांतीचा जाहीरनामा लिहिला आणि त्यात, शत्रूच्या राज्यात राहून सांस्कृतिक चळवळ करू म्हणणाऱ्यांनाही शत्रूच्या रांगेत बसवलं. 1936मध्ये तो लुशुनच्या जपानी तुरुंगात मरण पावला.

शिन छे-हो यांचा निकाल कडक होता. सगळ्यांना तो लागू पडतो का? आमचं मत, नाही. कारण त्याच सांस्कृतिक कामात दुसरेही लोक होते, जे लोकांना सुधारायला नव्हे, लोकांकडून शिकायला निघाले होते.

1921मध्ये जू सी-ग्यंगच्या शिष्यांनी कोरियन भाषेची संशोधन संस्था काढली. पुढे 1931मध्ये तिचं नाव 'चोसन भाषा संस्था' झालं. बहुतेक सभासद शाळा-कॉलेजातले शिक्षक. 1926पासून त्यांनी हंगुलचा दिवस साजरा करायला सुरुवात केली. 1929मध्ये त्याच दिवशी 108 जणांनी मिळून शब्दकोशाची समिती केली. तिचा कर्ताधर्ता ई गुक-रो, बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट करून आलेला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. तरुणपणी देशाच्या उत्तर भागातून जाताना एका घरी जेवायला बसला आणि मिरचीची चटणी मागितली. घरच्यांना शब्दच कळेना. बऱ्याच खाणाखुणांनंतर समजलं की या भागात तिला वेगळंच नाव आहे. आपल्याकडेही एकाच्या घरचा ठेचा कोल्हापुरात गेला की खर्डा होतो, पण आपल्याला कोश बघायला मिळतात. कोरियन माणसाला आपल्या भाषेचा स्वतः केलेला पुरा कोशच नव्हता.

मग काम सुरू झालं. शब्द कसा लिहायचा यावरच एकमत नव्हतं, म्हणून आधी शुद्धलेखनाचे नियम ठरवले. त्यात 3 वर्षं गेली, 1933मध्ये ते जाहीर झाले. मग कोणत्या प्रांताचा शब्द प्रमाण धरायचा यावर बैठका. सभासद निम्मे राजधानीच्या भागातले, निम्मे इतर प्रांतांतले घेतले. संस्थेच्या मासिकातून वाचकांना आपापल्या भागातले शब्द पाठवायला सांगितलं, आणि गावोगावचे लोक पाठवू लागले. शेतीचे, माशांचे, स्वयंपाकाचे, शिव्यांचेसुद्धा.

त्याच वेळी वर्तमानपत्रांनी साक्षरतेची मोहीम उघडली. 1930च्या जनगणनेत 100पैकी 77 लोकांना कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. 'दोंगा इल्बो'ने 1931 ते 1934 अशी चार वर्षं उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवलं. जवळपास लाखभर माणसं त्यांनी शिकवली. मोहिमेचं हंगुलचं छोटं पुस्तक लिहिलं होतं भाषा संस्थेच्या ई युन-जे यांनी. हे नाव लक्षात ठेवा. छ्वे योंग-शिन नावाची एक तरुण शिक्षिका एका खेड्यात अशीच रात्रंदिवस शिकवत होती. अधिकाऱ्यांनी वर्गात इतक्याच मुलांना बसवायचं असा हुकूम काढला. 1935मध्ये, पंचविशीत, आजाराने ती वारली. तिच्यावरून सिम हुन यांनी त्याच वर्षी 'सांगनोकसू' ही कादंबरी लिहिली. बाहेर काढलेली पोरं झाडावर चढून खिडकीतून फळ्याकडे बघत शिकतात, हा त्यातला प्रसंग कोरियात सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्राच्या मोहिमेवर सरकारने 1935मध्ये बंदी घातली.

पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये सन की-जंग या कोरियन धावपटूने मॅरेथॉन जिंकली, पण छातीवर जपानी झेंडा लावून. 'दोंगा इल्बो'ने त्याचा फोटो छापताना झेंडा पुसून टाकला. पत्रकारांना अटक झाली आणि दैनिक 9 महिने बंद राहिलं.

यानंतर जपानचं चीनशी युद्ध पेटलं आणि सांस्कृतिक कारभाराचं सोंगही गळून पडलं. 1938मध्ये शाळांत कोरियन विषय ऐच्छिक केला, म्हणजे प्रत्यक्षात काढूनच टाकला. शाळेत कोरियन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. 1940मध्ये दोन्ही मोठी कोरियन दैनिकं बंद केली. त्याच वर्षी लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावलं. कागदावर ऐच्छिक, पण नाव न बदलणाऱ्यांना शाळेपासून नोकरीपर्यंत सगळीकडे अडचणी. सुमारे 80 टक्के कुटुंबांनी नावं बदलली. हजेरीपटावर एका सकाळी सगळी नावं परकी झालेली, असा वर्ग शिक्षकाने कसा घेतला असेल?

ई क्वांग-सू यांनी सुरुवातीलाच नाव बदललं, कायामा मित्सुरो. एवढ्यावर न थांबता कोरियन विद्यार्थ्यांनी जपानी सैन्यात भरती व्हावं म्हणून त्यांनी भाषणं दिली. 1919चा देशाचा मुख्य जाहीरनामा ज्याने लिहिला तो छ्वे नाम-सनही याच वाटेने गेला. स्वातंत्र्यानंतर ई क्वांग-सू यांनी, आपण जे केलं ते कौमसाठीच केलं, असा बचाव केला. 1949मध्ये अटक झाली, सुटका झाली, 1950च्या युद्धात उत्तरेचे सैनिक त्यांना घेऊन गेले आणि तिकडेच ते वारले. त्यांची पुस्तकं कोरियात अजून वाचतात, आणि त्यांच्यावरून भांडणंही अजून होतात. आम्हाला त्यांचा राग येतो, पण त्याहून जास्त भीती वाटते. इतका शिकलेला, इतका हळवा माणूस एकेक पायरी उतरत गेला आणि दर पायरीला त्याच्याकडे चांगलं कारण होतं.

शब्दकोशवाले मात्र कोश करत बसले होते. 1942पर्यंत काम छपाईला लागलं होतं. आणि मग एका शाळकरी मुलीची डायरी पोलिसांच्या हाती पडली.

उत्तरेतल्या हामहुंग शहरातली ही मुलगी. डायरीत तिने लिहिलं होतं की शाळेत 'राष्ट्रभाषा' बोलल्याबद्दल शिक्षकांनी शिक्षा केली. पोलिसांनी विचार केला, राष्ट्रभाषा म्हणजे तर जपानी. जपानी बोलल्याबद्दल शिक्षा करणारा मास्तर कोण? धागा ओढत ते जंग थे-जिन या तिथल्या जुन्या शिक्षकापर्यंत गेले, जो आता सोलमध्ये कोशाचं काम करत होता. त्याला पकडलं, छळ केला, हवा तो जबाब घेतला. 1 ऑक्टोबर 1942पासून धरपकड सुरू झाली. एकूण 33 जण गुंतवले गेले. कलम लावलं राज्याविरुद्धच्या कारवायांचं.

बचाव साधा होता, आम्ही शब्द गोळा करतो, राजकारण करत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. भाषेचं काम हे संस्कृतीचं रूप घेतलेलं स्वातंत्र्याचंच आंदोलन आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वीस वर्षं जो वाद कोरियन लोक आपसात घालत होते, सांस्कृतिक काम म्हणजे लढा की पळवाट, त्याचा निकाल असा जपानी न्यायाधीशाने लावून दिला. ई गुक-रो यांना 6 वर्षं, व्याकरणकार छ्वे ह्यन-बे यांना 4 वर्षं. पण निकाल लागायच्या आधीच दोघे गेले. खेड्यातल्या पोरांसाठी पुस्तक लिहिणारे ई युन-जे डिसेंबर 1943मध्ये तुरुंगात वारले, आणि त्यांच्या पाठोपाठ फेब्रुवारी 1944मध्ये हान जिंग.

कोशाचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं होतं. ऑगस्ट 1945मध्ये जपान हरला, कैदी सुटले, पण हस्तलिखित कुठेच सापडेना. 13 वर्षांची मेहनत. 8 सप्टेंबर 1945 रोजी सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात काही खोकी सापडली. खटल्याच्या अपिलासाठी कागद हामहुंगहून पाठवलेले, आणि युद्धाच्या गोंधळात तिथेच पडून राहिलेले. साडेसव्वीस हजारांच्या आसपास पानं, सगळी हाताने लिहिलेली.

9 ऑक्टोबर 1947ला कोशाचा पहिला खंड निघाला. सहावा आणि शेवटचा 1957मध्ये. एकूण दीड लाखाहून जास्त शब्द. मधल्या काळात देशाचे दोन तुकडे झाले होते. ई गुक-रो 1948मध्ये उत्तरेला गेले आणि तिकडेच राहिले, छ्वे ह्यन-बे दक्षिणेत. एकाच खटल्यातले दोघे, दोन देशांत. दोन्हीकडच्या शाळांत मुलं जे शुद्धलेखन शिकतात, त्याचं मूळ मात्र 1933च्या त्याच नियमांत आहे.

2005मध्ये दोन्ही कोरियांनी मिळून एक सामायिक शब्दकोश करायचं ठरवलं. दोन्हीकडचे भाषातज्ज्ञ एकत्र बसू लागले. राजकारण बिघडलं की बैठका बंद, सुधारलं की पुन्हा सुरू, असं चालत राहिलं. तो कोश अजून पुरा झालेला नाही.